पिंपळाखालचा वर्ग: मोठ्या गटाच्या वसंत प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

मोठ्या गटाच्या प्रकल्पाची आखणी आज पूर्ण केली. गटात चोवीस मुले असून त्यांची वये साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान आहेत. आमची बालवाडी वाईजवळच्या एका गावात आहे. अंगणात जुना पिंपळ आहे, मागच्या बाजूला हळदीचे शेत लागते आणि बांधावर पळसाची दोन झाडे आहेत. शाळा साडेदहाला भरते आणि एक वाजता सुटते.

पंचांगाप्रमाणे वसंत हा चैत्र-वैशाखाचा ऋतू, आणि आज तर माघ चालू आहे, म्हणजे शिशिर. तरीही प्रकल्प आत्ताच सुरू करावा असे मी ठरवले, कारण ज्या मुलाने पिंपळ उघडा पडलेला पाहिलाच नाही, त्याला चैत्रातली पालवी नवी का म्हणायची हे कळणार नाही. मागील काही वर्षे मी पाडव्याच्या सुमारास भिंतीवर कागदी फुले लावत असे आणि ‘वसंत आला’ असे मुलांकडून म्हणवून घेत असे. मुले ते मोठ्याने म्हणत, पण त्या वेळी त्यांची नजर कागदाकडे असे आणि दाराबाहेरचे झाड कोणी पाहत नसे. या वर्षी तीन गोष्टी सलग दोन महिने पाहायच्या आहेत: पिंपळ, दुपारची सावली आणि या दिवसांत गावात चालणारी कामे. मूल जे स्वतः पाहू शकते ते मी आधी सांगायचे नाही, आणि मुलांची वाक्ये त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायची, हे दोन नियम मी स्वतःसाठी घालून घेतले आहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अंगणाच्या मोकळ्या भागात जमिनीवर बरोबर एक मीटर उंच राहील अशी सरळ काठी पुरली. काठी उभी आहे की कललेली, हे पाहण्यासाठी दोरीला दगड बांधून गवंडी वापरतात तसा ओळंबा केला. तो लोंबकळताना पाहण्यातच मुलांची दहा मिनिटे गेली, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

साडेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एकेका मुलाने खडा ठेवला. पाऊण वाजून गेल्यावर सावली पुन्हा लांबू लागली. सर्वांत आखूड सावलीइतका लाल दोरा कापला आणि फळ्याशेजारच्या कागदावर चिकटवला. मी पट्टीने मोजले तेव्हा तो साठ सेंटिमीटर भरला, परंतु मुलांना आकडा सांगितला नाही. त्यांनी आपल्या पावलांनी मोजले. एकाची पावले चार भरली, तर एकीची साडेतीन. ‘दोरा तोच आहे, मग असं कसं?’ हा प्रश्न त्यांनीच काढला आणि दोन्ही पावले शेजारी ठेवून त्याचे उत्तरही त्यांनीच शोधले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पिंपळाची गळती जोरात सुरू झाली आहे. सकाळी मदतनीस मावशी अंगण झाडतात आणि प्रार्थना होईपर्यंत ते पुन्हा पानांनी भरते. हा आठवडा झाडू नका, अशी विनंती मी त्यांना केली. त्यांना ते फारसे रुचले नाही, पण त्यांनी मानले.

आज मुलांनी पिवळी, तपकिरी, ठिपक्यांची, भोके पडलेली अशी पानांची वेगवेगळी रास केली. राशी कशा करायच्या हे मी सुचवले नव्हते. एका गटाने रंगावरून वाटणी केली. दुसऱ्या गटाने पाने हातात चुरून ‘आवाज करणारी’ आणि ‘आवाज न करणारी’ असे दोन भाग केले. ही दुसरी वाटणी मला सुचली नसती. ताज्या गळालेल्या पानांत ओल असते आणि जुनी पाने कोरडी होतात, हे त्या मुलांनी कानांनी ओळखले होते.

याच वेळी हळदीच्या शेतातून येणाऱ्या मुलीने वर पाहून विचारले, ‘ताई, झाड मेलं का?’ सगळी मुले गप्प झाली. ‘नाही, आता नवी पाने येतील’ हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि विचारले, ‘आपल्याला कसं कळेल?’ एकाने खोडाला कान लावला. एकाने सांगितले की त्यांचे लिंबाचे झाड मेले तेव्हा फांदी काडीसारखी मोडत होती. मग अंगणाच्या भिंतीतून उगवलेल्या लहान पिंपळाची एक बारीक फांदी आम्ही हळूच वाकवून पाहिली. ती मोडली नाही. ‘वाकतंय, म्हणजे जिवंत आहे,’ असा निर्णय झाला, पण त्या मुलीचे समाधान झालेले दिसले नाही.

भिंतीतल्या त्या पिंपळाच्या फांद्या मुलांच्या हाताच्या उंचीवर आहेत. दोन-दोन मुलांच्या बारा जोड्या करून प्रत्येक जोडीला एक डहाळी दिली आणि खूण म्हणून तिला वेगवेगळ्या रंगाची लोकर सैल बांधली. रोज प्रार्थनेनंतर आपली डहाळी पाहायची, एवढेच काम.

पानाचा गर काढून नुसत्या शिरांची जाळी करण्यासाठी मातीच्या मडक्यात पाने भिजत घातली. काही गळालेली वाळकी पाने घेतली, आणि त्याच झाडावर अजून टिकून असलेली पूर्ण वाढीची हिरवी पाने वेगळ्या मडक्यात ठेवली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मागच्या शेतात हळद शिजवण्याचे काम सुरू झाले आहे. मालकांच्या परवानगीने मुलांना नेले. काहिलीपासून दूर दोरी धरून तिच्या अलीकडे सर्वांना उभे केले, आणि दोन पालकही सोबत होते. वाफेचा लोट आला की मुले डोळे मिटून वास घेत होती. हळद शिजली हे कसे ओळखता, असे एका मुलाने विचारले, तेव्हा तिथल्या आजींनी सांगितले की वर फेस येतो, वास बदलतो आणि काडी टोचली तर सहज आत जाते. शिजलेली हळद पुढे दहा-पंधरा दिवस उन्हात वाळते आणि मग फिरत्या पिंपात घासून तिची साल व मुळ्या काढतात. ओले, शिजलेले आणि वाळलेले असे तीन गड्डे त्यांनी वर्गासाठी दिले.

वर्गात आल्यावर ओला गड्डा मोडून पांढऱ्या कागदावर घासला. एका मुलाने घरचा अनुभव सांगितला: ‘माझ्या शर्टावर हळद सांडली आणि आईनं साबण लावला, तर लाल झालं.’ हे धरूनच पुढचे काम केले. पिवळ्या कागदावर कापसाच्या बोळ्याने साबणाचे पाणी लावले तेव्हा तिथे लालसर डाग उमटला, आणि त्यावर लिंबाचा रस पडताच तो पुन्हा पिवळा झाला. साबणाच्या पाण्यात क्षार असतो आणि हळदीतील रंगद्रव्य क्षारात लाल होते, एवढे कारण मी माझ्या वहीसाठी लिहिते आहे. मुलांच्या दृष्टीने आज महत्त्वाचे इतकेच होते की घरी पाहिलेली गोष्ट शाळेतही तशीच घडते आणि ती पुन्हा-पुन्हा करून पाहता येते. त्यांनी ती प्रत्येकी किमान पाच वेळा करून पाहिली.

सोमवार, ३ मार्च

फाल्गुन लागला आहे. आजची सावली शेहेचाळीस सेंटिमीटर भरली. दुसरा दोरा पहिल्याच्या शेजारी चिकटवताच ‘दोरा छोटा झाला’ असे अनेकांनी एकदम म्हटले. काठी जमिनीत खचली असेल, अशी शंका एकाने काढली. शंका रास्त होती, म्हणून काठी पुन्हा मोजली. ती तेवढीच आहे.

पेरणीसाठी मुलांनी घरून बिया आणाव्यात असे शुक्रवारी सांगितले होते. मटकी, मूग, वाल, चवळी, मेथी आणि हरभरा आले. एका मुलाने मूठभर फुटाणे आणले. त्याच्या शेजारच्या मुलीने ‘हे खायचे असतात’ असे म्हणून ते परत करायला सांगितले, आणि तो रडवेला झाला. फुटाणा हाही हरभराच आहे, आपण दोन्ही पेरून पाहू, असे मी म्हटले. दोन करवंट्यांत ओला कापूस घालून एकीत हरभरे आणि दुसरीत फुटाणे ठेवले. तिसरीत हरभरे ठेवले, पण पाणी घातले नाही.

शुक्रवार, ७ मार्च

मटकीला बुधवारीच मोड आले होते. आज ओल्या कापसावरच्या हरभऱ्यांनाही मूळ फुटले आहे. कोरड्या करवंटीतले हरभरे होते तसेच आहेत. फुटाणे फुगले, मऊ पडले आणि आज त्यांना बुरशीचा वास येऊ लागला.

फुटाणे आणणाऱ्या मुलाला वाईट वाटेल अशी मला काळजी होती, परंतु त्याच्या करवंटीभोवतीच आज सर्वाधिक गर्दी होती. ‘भाजल्यावर आतलं बाळ मरतं,’ असे त्याने स्वतःच सर्वांना समजावले. भिजलेला हरभरा सोलून त्याच्या दोन डाळिंब्या उघडल्यावर टोकाशी दिसणारा बारीक अंकुर मी काल दाखवला होता, त्यालाच तो बाळ म्हणत होता. यानंतर एक प्रयोग मुलांनी सुचवला. कोरड्या करवंटीत आज पाणी घालायचे. जे कोरडे होते ते अजून जिवंत आहे का, हे त्यांना पाहायचे आहे. पिंपळाबद्दल त्या मुलीने विचारलेला प्रश्नच आता बियांपाशी आला आहे, हे मला घरी येताना लक्षात आले.

बुधवार, १२ मार्च

कोरड्या करवंटीतले हरभरेही उगवले, ही बातमी आधी नोंदवते.

उद्या होळी. बांधावरचे पळस फुलांनी पेटल्यासारखे दिसत आहेत. फुले तोडायची नाहीत, खाली पडलेली वेचायची, असा नियम केला आणि सर्वांनी पाळला. दोन पाट्या फुले जमली. अर्धी फुले काल रात्रभर थंड पाण्यात ठेवली होती आणि उरलेली आज मावशींनी चुलीवर उकळली. थंड पाण्याला फिकट पिवळा रंग आला आणि उकळलेले पाणी गडद केशरी झाले. जुन्या धुतलेल्या कापडाचे तुकडे दोन्हींत बुडवून वाळत घातले.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मी सांगितली, तेव्हा मुलांनी वर पाहून ठामपणे सांगितले की पळसाला एकही पान नाही. बहराच्या दिवसांत तो बहुतेक उघडाच असतो, त्यामुळे त्यांचे म्हणणे खरे होते. म्हण कागदावर लिहून बाजूला ठेवली आहे. पाने आली की मोजू.

सोमवार, १७ मार्च

आज अनुताई वाघ यांचा जन्मदिन. त्यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी झाला. ताराबाई मोडक यांच्याबरोबर १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडीचे जे काम उभे केले, त्यात पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य होते. विकतचे साहित्य परवडत नव्हते हे त्याचे एक कारण खरेच, पण मुलाच्या ओळखीच्या वस्तूपासून शिकणे सुरू व्हावे हा विचार त्यामागे होता. मुलांना मी अनुताईंचा फोटो दाखवला आणि एवढेच सांगितले की या ताईंच्या वर्गातही मुले पाने वेचत असत.

त्यानंतर मडकी उघडली. सत्तावीस दिवसांत पाण्याला चांगलाच दर्प सुटला होता. मी तीन-चार दिवसांनी पाणी बदलत होते, तरीही. काही मुलांनी नाक धरले, दोघे लांब जाऊन उभे राहिले, आणि त्यांना मी जवळ येण्याचा आग्रह केला नाही. वाळक्या पानांचा प्रयोग फसला. ती बोट लावताच तुकडे-तुकडे झाली. हिरव्या पानांचा गर मात्र मऊ होऊन सुटला होता. ताटात पाणी घेऊन, पान तरंगत ठेवून, जुन्या मऊ ब्रशने गर हळूहळू काढायचा होता. पहिली सहा पाने घाईमुळे फाटली. मग एका मुलीने ब्रश बाजूला ठेवून नुसते पाणी ओंजळीने पानावर सोडायला सुरुवात केली आणि तिची जाळी अखंड निघाली. पुढच्या मुलांनी तिचे पाहून तसेच केले. एकूण अकरा जाळ्या मिळाल्या.

जाळी उन्हात धरून पाहताना ‘पानात रस्ते आहेत’, ‘मधे मोठा रस्ता, बाजूला गल्ल्या’ अशी वाक्ये ऐकू आली. या रस्त्यांनी काय जात असेल, असे मी विचारले. ‘पाणी’ हे उत्तर आले. ‘मुंग्या’ हेही आले आणि तेही लिहून घेतले.

गुरुवार, २० मार्च

आज विषुवदिन, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे. सावली बत्तीस सेंटिमीटर. पहिला दोरा अर्धा दुमडून आजच्या दोऱ्याशेजारी धरला, तर फार थोडा फरक राहिला. ‘अर्धा’ हा शब्द आज शिकवावा लागला नाही.

मंगळवार, २५ मार्च

आज निळ्या लोकरीच्या जोडीने प्रार्थना अर्धवट सोडून मला बाहेर ओढत नेले. त्यांच्या डहाळीच्या टोकाशी अणकुचीदार गुलाबी कोंब गेल्या आठवड्यापासून दिसत होता, तो उघडला होता आणि आत नखाएवढे तांबूस पान होते. कोंबावरचे पातळ आवरण खाली पडलेले सापडले. त्याला मुलांनी ‘टोपी’ असे नाव दिले आहे, आणि आता सगळा वर्ग टोप्या वेचतो आहे. बारापैकी सात डहाळ्यांना पाने आली आहेत. अंगणातल्या मोठ्या पिंपळाची पूर्वेकडची बाजू तांबूस झाली आहे, पश्चिमेकडची अजून उघडी आहे. एकाच झाडावर असे का, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि तसे मी मुलांना सांगितले.

‘झाड मेलं का’ असे विचारणाऱ्या मुलीची हिरव्या लोकरीची डहाळी अजून तशीच आहे. ती आज काही बोलली नाही. कोंबावर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली.

दुपारी एका पालकांनी भेटून विचारले की जूनमध्ये मुलगा पहिलीत जाणार, त्याला लिहिता कधी येणार आणि झाडे पाहण्यात इतका वेळ का जातो. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून मी ती मनापासून ऐकून घेतली. नंतर त्यांना भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यात बारा रंगांच्या उभ्या ओळींत मुले रोज आपल्या डहाळीची पाने मोजून तेवढे ठिपके काढतात. त्यांच्या मुलाने तपकिरी ओळीखाली स्वतःहून ‘पान’ असा शब्द लिहिला होता. ‘प’चा काना नंतर आठवल्याने तो वर घुसवला आहे. ते तक्त्यासमोर उभे राहून ठिपके मोजत होते. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही, पण उद्या मुलाबरोबर येऊन डहाळी पाहीन असे ते म्हणाले.

शुक्रवार, २८ मार्च

रविवारी गुढीपाडवा आहे, म्हणून आज कडुलिंबाची चटणी केली. कोवळी पाने, फुले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, जिरे, हिंग आणि मीठ. डाळ पाहताच ‘हे आपल्या करवंटीतलंच’ असे म्हणणारे तिघे निघाले. चव घेण्याची सक्ती नव्हती, तरी बावीस मुलांनी घेतली. चव घेतानाचा चेहरा कसा झाला हे प्रत्येकाने आरशात पाहून काढायचे होते. ही चित्रे फार सुंदर आली आहेत. दोन मुलांनी पुन्हा चटणी मागितली.

हिरव्या लोकरीच्या डहाळीला आज पान फुटले. ती मुलगी वर्गात येऊन मोठ्याने म्हणाली, ‘नव्हतं मेलं.’ अडतीस दिवस तिने तो प्रश्न मनात धरून ठेवला होता. मी पहिल्याच दिवशी उत्तर दिले असते तर ती ते पुढच्या तासाला विसरली असती, असे मला वाटते.

शुक्रवार, ४ एप्रिल

सोमवारपासून उन्हामुळे शाळा सकाळी आठ ते अकरा भरणार आहे. मोठ्या पिंपळावर कोकीळ आला आहे. ‘कोकिळा गाते’ असे मुलांच्या बोलण्यात असते, आणि माझ्याही बोलण्यात होते. आज काळ्या रंगाचा, लाल डोळ्यांचा नर ‘कुऊ’ करताना सर्वांनी पाहिला. पलीकडच्या फांदीवर तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची मादी बसली होती. तिचा आवाज वेगळाच असतो, ‘किक्-किक्’ असा तीव्र. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते हे सांगितल्यावर मुलांना राग आला. कावळ्याला कोणीतरी सांगायला हवे, असे ठरले. त्या रागाला मी लगेच ‘निसर्गाचा नियम’ असे म्हणून थांबवले नाही.

बुधवार, १६ एप्रिल

आज शेवटची नोंद. पिंपळाची पाने आता पोपटी झाली आहेत आणि आधी आलेली पाने तर हिरवी झाली आहेत. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरते, म्हणून ती आधी तांबूस दिसतात. मुलांनी मार्चमध्ये रंगवलेला कागद ‘तांब्याच्या कळशीचा’ आणि आजचा ‘पोपटाचा’ आहे. लांब देठांमुळे थोड्या वाऱ्यातही ही पाने सळसळतात, आणि तो आवाज ऐकण्यासाठी आज प्रार्थनेनंतर पाच मिनिटे सर्वजण पिंपळाखाली गप्प बसले. चोवीस मुलांची पाच मिनिटांची शांतता मी यापूर्वी अनुभवलेली नाही.

पळसालाही पाने आली. प्रत्येक देठावर तीन पाने मोजून झाली आणि बाजूला ठेवलेली म्हण भिंतीवर चढली. पाच देठ आणले तर किती पाने, हे दोघींनी बोटांवर मोजून पंधरा असे अचूक सांगितले.

शाळा आता अकराला सुटत असल्याने दुपारच्या सावलीसाठी शेजारच्या घरांतील सहा मुले आजींबरोबर साडेबाराला पुन्हा आली. आजचा दोरा चौदा सेंटिमीटर. साठ, शेहेचाळीस, बत्तीस आणि चौदा असे चार लाल दोरे ओळीने लावल्यावर ती सहा जण बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. फुटाणे आणणारा मुलगा म्हणाला, ‘ताई, मग दोरा संपणार.’ आमच्या गावी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. हे मी त्याला सांगितले नाही. तेव्हा सुट्टी असेल, पण अंगणाला फाटक नाही आणि काठी मी काढणार नाही. त्याच्या आजींना तेवढे सांगून ठेवले आहे, आणि कापायला लागलाच तर म्हणून उरलेल्या लाल दोऱ्याची रीळ त्यांच्याकडे दिली आहे.